उजव्या बाजूचे गाणे

अंबड, दि. ३ मार्च २००३

श्री. गयासोद्दीन यांस, मुक्काम पिंपळगाव रेणुकाई.

साडेआठ वर्षांनंतर माझे अक्षर ओळखून आपण हे पाकीट न फोडताच बाजूला ठेवाल, अशी शक्यता गृहीत धरून पाठवणाऱ्याचे नाव मागील बाजूस बारीक लिहिले आहे. गेल्या खेपेप्रमाणे हे रजिस्टर केलेले नाही.

प्रथम कळवावयाचे ते कळवतो. कौसल्या दि. २२ जानेवारी रोजी सकाळी सव्वादहा वाजता जालना येथे रुग्णालयात वारली. सव्वीस दिवस तेथे होती. ती आपणास भाऊ म्हणत असे. त्यामुळे ही बातमी आपणास त्याच दिवशी कळवणे हे माझे कर्तव्य होते. ते मी पार पाडले नाही.

आता पत्राचे कारण. आपण १९८४ साली अंकुशनगरहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कौसल्येच्या दोन गोधड्यांत गुंडाळून आणलेले ते दोन उभे स्पीकर अद्याप माझ्या बैठकीत आहेत. साखर कारखान्याची यंत्रे बसवून परत निघालेल्या इंजिनीअरकडून मी ते घेतले, तेव्हाच ते आठ वर्षांचे होते. म्हणजे आज त्यांचे वय सत्तावीस धरावे. लाकूड शाबूत आहे. वर्षातून दोनदा जवसाचे तेल लावण्याचा क्रम मोडलेला नाही. उजव्याबद्दल तक्रार नाही. डाव्याच्या मोठ्या कोनाची, म्हणजे आतल्या कागदी शंकूची, कड मात्र सुटली आहे. मूळची फोमची कड आपल्याकडच्या उन्हाने विरून गेल्यावर १९९१ मध्ये आपण तिच्या जागी मेंढीचे पातळ कातडे बसवले होते. ते आता, घड्याळाच्या भाषेत सांगावयाचे तर, पाचपासून आठपर्यंत उकलले आहे. ठेका सुरू झाला की एसटीच्या सैल पत्र्यासारखा आवाज येतो. जालन्याच्या एका दुकानदारास फोनवर विचारले. तो म्हणाला, "काका, भंगारात टाका. आता मुठीएवढे मिळतात." मी फोन ठेवला.

हे काम आपणाखेरीज कोणास जमेल असे वाटत नाही. आपण अंबडला यावे, अशी विनंती आहे.

आणखी एक बाब. १९९४ च्या माझ्या नोटिशीत प्रश्न एकच होता. अँप्लिफायरच्या आत डावी व उजवी बाजू एकमेकींस जोडणारी ती दोन बोटे लांबीची तांबडी तार आपण कोणाच्या सांगण्यावरून बसवली होती? उत्तर अद्याप अप्राप्त आहे. आता ते देण्यास हरकत नसावी.

आपला,
बद्रीनाथ
(सेवानिवृत्त अधीक्षक, दिवाणी न्यायालय)


अंबड, दि. २४ मार्च २००३

श्री. गयासोद्दीन यांस,

आपले कार्ड पोचले. अक्षर आपल्या बहिणीच्या, कमरबींच्या, मुलीचे असावे. वेलांट्या शाळकरी आहेत. मजकूर मात्र आपलाच, कारण तो वाचताना आपला आवाज ऐकू आला. "सायेब, भाभीची खबर वाचून लई वाईट वाटलं. त्या दिवशी घरात कोनी जेवलं न्हाई. कोन खोलून कोनाच्या हाती पाठवा, कड लावून देतो. अंबडला मी येनार न्हाई. ज्या गावात माझं नाव चोर म्हनून घेतलं, तिथं कोन्या तोंडानं येऊ? तारेचं म्हनाल तर ती माझीच चूक समजा आन् सोडून द्या."

कोन पाठवणार नाही. स्क्रू काढताना कागद फाटेल अशी भीती आहे, हे एक कारण. दुसरे असे की कोन आपल्याकडे येऊन गेला, तर आपण येण्याचे कारण उरणार नाही.

ते स्पीकर बसवले तो दिवस आपणास आठवत असेल. मी खडू, दोरी व पट्टी घेऊन फरशीवर समभुज त्रिकोण आखत होतो. दोन कोपऱ्यांत स्पीकर आणि तिसऱ्या कोपऱ्यात ऐकणाऱ्याच्या खुर्च्या. पुस्तकात तसे दिले होते. कौसल्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे काय, देवळाच्या दाराला असतात ते जय-विजय आणले व्हय?"

आपण म्हणालात, "भाभी, मंग आता आत देव बी आनावा लागंल."

"देव हाये की. ते बघा, खडू घेऊन जमीन मोजून राह्यले."

आपण दोघे हसलात. मी हसलो नाही, कारण मोजमाप चुकले असते. त्या दिवसापासून डावा जय आणि उजवा विजय झाला. मी ही नावे कधी उच्चारली नाहीत. आज लिहिली.

एवढी वर्षे एखादी वस्तू घरात राहिली की ती वस्तू राहत नाही, हे मला निवृत्तीनंतर समजले. १९८८ मध्ये विजयच्या मागील गोल भोकातून उंदीर आत शिरला होता. कौसल्येने तो हुसकावून त्या भोकात माझा कोर्टाचा मोजा कोंबला, आणि मी चार महिने एका मोज्याच्या शोधात होतो. त्या काळात मी आपणास म्हणालो होतो की उजव्याचा खालचा स्वर पूर्वीपेक्षा आटोपशीर झाला आहे. आपण नुसते खोकलात. मांजराने जाळीचे कापड ओरबाडले, तेव्हा कौसल्येने स्वतःच्या मोतिया रंगाच्या पातळाचे कापड ताणून शिवले. ते आजही आहे. घरी आलेले लोक तिला विचारत, "या कपाटांत काय ठेवता?" ती म्हणे, "यांचा पगार."

ती खडूच्या खुणेवरील खुर्चीत कधी टिकली नाही. खुर्ची ओढत जयच्या शेजारी, स्वयंपाकघराच्या दाराशी नेई आणि तेथे बसून भाजी निवडी. मी तिला पुनःपुन्हा आणून त्रिकोणाच्या टोकाशी बसवीत असे. "तेथून स्टिरिओ ऐकू येत नाही," असे सांगत असे. ती ऐके, पाच मिनिटे बसे, आणि पुन्हा दाराशी जाई. मी या गोष्टीस तिच्या शिक्षणाचा अभाव समजत होतो. ती सातवी शिकलेली होती.

१९९४ च्या दिवाळीत काय झाले, ते आपणास माझ्या नोटिशीतून कळले होते, पण नोटीस मी अशा प्रकारे लिहिली होती की त्यात मी कोठेच नव्हतो. घडले ते असे. माझ्या साडूंचा मुलगा, पुण्यात अभियंता, फराळास आला होता. आठ-दहा मंडळी होती. मी तबकडी लावून नेहमीप्रमाणे सांगत होतो, "तबला उजवीकडे ऐका. आता सारंगी डावीकडे." सगळे माना डोलावत होते. तो मुलगा उठला, जयला कान लावला, विजयला कान लावला आणि म्हणाला, "काका, दोन्हीकडून एकच येतंय. हे मोनो आहे."

आठ वर्षे मी पाहुण्यांना उजवीकडचा तबला ऐकवत होतो. तो मला ऐकू येत होता. खोटे सांगत नव्हतो.

झाकण उघडले तर आत ती तार. मी तसाच आपल्या दुकानात आलो. आपण कोणाचा तरी टेपरेकॉर्डर उघडून बसला होतात. मी विचारले, "ही तार तुम्ही बसवली?"

"हा सायेब."

"का?"

"ते नका विचारू."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

आपण स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणालात, "चूक माझी समजा. आत्ता काढून देतो, चला." एवढेच. मी म्हणालो, "मला समजून घ्यायचे नाही, मला उत्तर हवे आहे." आणि तिसऱ्या दिवशी रजिस्टरने नोटीस पाठवली. पंधरा दिवसांची मुदत. आपण पोचपावतीवर उर्दूत सही केलीत. ती पावती माझ्याकडे आहे.

नोटिशीचे आपणास ठाऊक आहे. जे ठाऊक असूनही आपण कधी बोलून दाखवले नाही, ते असे की कोर्टासमोरच्या पुंजारामच्या हॉटेलात, पाच-सहा वकील बसलेले असताना, मी म्हणालो होतो की गयासोद्दीनच्या हाती सामान देऊ नये, तो आतून वस्तू बिघडवतो आणि विचारले तर बोलत नाही. मी हे एकदाच म्हणालो. माझ्यासारख्या माणसाने एकदा म्हणणे पुरते. दोन वर्षांत आपले दुकान बंद झाले.

बद्रीनाथ


अंबड, दि. ९ एप्रिल २००३

गयासोद्दीन यांस,

आपले उत्तर नाही. आपण ते द्यावे अशी माझ्या मागील पत्राची लायकीही नव्हती, कारण त्यात मी मुख्य गोष्ट लिहिली नाही. पहिल्या पत्रात तारेबद्दल प्रश्न विचारला, तेव्हा त्याचे उत्तर मला ठाऊक होते. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने साक्षीदाराच्या तोंडून ते वदवून घ्यावे, ही कोर्टातली रीत आहे. ते आपण लिहिले असते तर मला लिहावे लागले नसते. आपण लिहिले, "माझीच चूक समजा." म्हणजे ती गेल्यावरही आपण शब्द पाळत आहात.

म्हणून आता मीच लिहितो.

रुग्णालयात पाचव्या दिवशी एक तरुण डॉक्टर कौसल्येच्या खाटेच्या उजव्या बाजूने आले. त्यांनी तीन वेळा काही विचारले. ती खिडकीकडे पाहत राहिली. ते वळसा घालून डावीकडे गेले आणि म्हणाले, "मावशी, उजव्या कानानं कमी ऐकू येतं का?"

तिने माझ्याकडे पाहिले. मग डॉक्टरांना म्हणाली, "कमी न्हाई. बिलकुलच न्हाई. पाच वर्सांची असताना गोवर निघाल्ता, तवापासून."

डॉक्टरांनी ते टिपले आणि पुढच्या खाटेकडे गेले. तेहतीस वर्षांच्या संसारातील ही माहिती मला शेजारच्या खाटेवरील बाईबरोबर एकाच वेळी मिळाली.

मी विचारले, "मला का सांगितले नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं व्हतं ना, न सांगायचं."

मी असे कधीही सांगितले नव्हते, हे मी शपथेवर म्हणालो असतो. मग तिने आठवण दिली. लग्नाला वर्ष झाले नव्हते. मी नवीन कारकून होतो. एका निकालपत्राची नक्कल करून घरी आलो होतो. बायकोला फिट येतात हे लपवून लग्न लावले, म्हणून नवऱ्याने दावा केला होता. जेवताना मी कौसल्येला तो निकाल समजावून सांगितला आणि वर म्हणालो, "ऐब लपवून केलेली सोयरीक म्हणजे फसवणूक. ज्या बापाने ती केली, त्याला मी दारात उभा करणार नाही." ती समोर बसून वाढत होती. समोर होती म्हणून शब्द न् शब्द तिला ऐकू आला. लग्नाच्या आधी तिच्या आईने तिला बजावलेच होते, बघायला आले तेव्हा तिला मुद्दाम भिंतीकडे उजवा कान करून बसवले होते. माझ्या त्या वाक्याने त्यावर शिक्का बसला.

दुसरी एक गोष्ट तिने सांगितली, ती कोणास सांगण्यासारखी नाही, पण आपणास सांगतो. शास्त्रात पत्नीस वामांगी म्हटले आहे. डाव्या अंगाची. मला शिस्तीची आवड. रस्त्याने चालताना, लग्नकार्यात, छायाचित्रात मी तिला माझ्या डाव्या हातास घेत असे. ती नकळत माझ्या उजवीकडे येई, आणि मी दंडाला धरून पुन्हा डावीकडे आणी. "वामांगी," असे म्हणत असे. मला ते विनोदी वाटे. डावीकडे आली की माझ्या बाजूस तिचा उजवा कान.

"मंग तुम्ही जे बोलत, ते समदं हवेत जायचं," ती म्हणाली. "मी आपली मान हलवायची."

"इतकी वर्षे?"

"लई बोलत नव्हते म्हणा तुम्ही. जास्त नुकसान न्हाई झालं."

ती हसत होती. नाकात नळी होती.

तारेचे तिने शेवटी सांगितले. स्पीकर येऊन दोन वर्षे झाली होती. आपण काही कामासाठी घरी आलात, मी कोर्टात होतो, तेव्हा तिने विचारले, "भाऊ, हा विजय मुका हाय का? बाई गाती ती कुठं तरी शेजारच्या घरात गाती असं वाटतं." आपण विजय तपासला. त्यात दोष नव्हता. मग आपण तिच्या उजव्या बाजूस उभे राहून हळूच म्हणालात, "भाभी, च्या ठेवा." ती भाजीच निवडत राहिली. जे मला सतरा वर्षांत कळले नाही ते आपणास अर्ध्या कप चहात कळले. तिने आपणास शपथ घातली. आपण दोन्ही बाजू एका तारेने जोडल्यात, म्हणजे जयमधूनच तिला सगळे गाणे यावे. आणि ती त्या दाराशी बसून पुढची आठ वर्षे पूर्ण गाणे ऐकत होती. मी तिला तेथून उठवीत होतो.

नोटीस गेल्यावर मी जालन्याच्या माणसाकडून तार काढून घेतली. त्यानंतर मी तबकडी लावली की ती आत जाऊन काम काढी. मला वाटले, वय झाले, आवड गेली.

मी तिला विचारले, "गयासोद्दीनचे दुकान बुडत होते, तेव्हा तरी बोलावयाचे."

तिने नाकातली नळी नीट केली. मग म्हणाली, "दोनदा तुमच्या खुर्चीपुढं येऊन उभी राह्यले. आबा जिते व्हते तवा. वाटलं, हे त्यांना बी नोटीस धाडतील." तिचे वडील १९९८ मध्ये गेले. "त्याच्यानंतर भावाला तोंड कसं दाखवू म्हणून न्हाई बोलले. त्याचं लई मोठं पाप हाये माझ्या माथी. तुम्ही ते फेडा."

दर राखीला भोकरदनच्या बसमध्ये कंडक्टरच्या हाती ती आपणास राखी पाठवीत होती, हेही तिनेच सांगितले. मला माहीत नव्हते. मला काय माहीत होते, याची यादी करावयास बसलो तर कागद कोरा राहील.

बद्रीनाथ


अंबड, दि. २७ एप्रिल २००३

गयासभाई,

तुमचे दुसरे कार्ड आले. "भाभीनं स्वता सांगितलं, माझ्या छातीवरचा दगड उतरला. पन सायेब, गावाला बिलकुल सांगू नका. माझं दुकान गेलं ते गेलं. हितं मी पानबुड्या मोटारींची वायंडिंग भरून राह्यलो, खायला बराबर मिळतं. मेलेल्या मानसाचा ऐब चव्हाट्यावर आनायचा न्हाई. शपत मला व्हती, ती आता तुम्हांला बी लागू."

तुमचे कार्ड येण्यापूर्वी मी निवेदन तयार केले होते. चार परिच्छेद. पहिल्यात वस्तुस्थिती, दुसऱ्यात माझा दोष, तिसऱ्यात तुमची निर्दोषता, चौथ्यात क्षमायाचना. ज्या ठिकाणी मी ते वाक्य बोललो होतो, त्याच ठिकाणी उभे राहून वाचायचे ठरवले होते. माझ्या मते त्यात कोणतीही उणीव नव्हती.

त्याच दिवशी गोजरबाई पोळ्या करत होत्या. कौसल्या गेल्यापासून त्या माझ्याकडे येतात. बाई प्रेमळ आहेत. शेजारच्या गल्लीतील एका नव्या सुनेबद्दल त्या आपण होऊन सांगू लागल्या, "अवो सायेब, पोरीला एका डोळ्यानं दिसत न्हाई. बापानं गॉगल लावून हुभी केली म्हनं. गळ्यात बांधली बिचाऱ्याच्या. असल्या बापाला लाज न्हाई तर न्हाई, पोरीला तर असावी का न्हाई?"

मी विचारले, "पोरीचा काय दोष?"

"मंग, तोंड नव्हतं का तिला? सांगायचं ना."

त्या हे रागाने बोलल्या नाहीत. पोळी उलटता उलटता बोलल्या. माझे चार परिच्छेद मी जेवणाआधी फाडले. खरे सांगितले तर तुम्ही सुटता, आणि कौसल्या व तिचे आबा पोळपाटावर येतात. सांगितले नाही तर तुम्ही चोर राहता. फेडा असे ती म्हणाली, ते कशाने फेडावयाचे हे म्हणाली नाही. पस्तीस वर्षे मी दोन्ही पक्षांचे कागद एका दोरीत बांधून टेबलावर ठेवत आलो, निकाल दुसरे देत. माझ्या टेबलावर दोन्ही पक्ष आपलेच असतील, हे मला कधी सुचले नव्हते.

दुपारी मी उजव्या कानात कापूस घातला. मग त्यावर तळहात दाबला आणि खडूच्या खुणेवरील खुर्चीत बसलो. खडू केव्हाच पुसला आहे, पण फरशीला जागा ठाऊक आहे. तिला आवडणारी तबकडी लावली. जयची कड फडफडत होती, तरी सारंगी आली. ठेका आला. बाईचा आवाज मात्र, कौसल्या म्हणाली होती तसा, शेजारच्या घरात होता. पूर्ण बाजू संपेपर्यंत मी हात काढला नाही. आपल्या घरातले गाणे शेजारी चालले आहे, असे आठ वर्षे वाटल्यावर मीही आत जाऊन काम काढले असते.

मग खुर्ची ओढून तिच्या जागी, दाराशी नेली आणि बसलो. तेथून अंगणातला कडुलिंब दिसतो. स्पीकर दिसत नाहीत, पण कडुलिंब दिसतो, हे तिने कधी सांगितले नव्हते. किंवा माझ्या डावीकडून चालताना तिने सांगितले असेल आणि मीच ऐकले नसेल.

थोडा अवधी द्या. मी विचार करतो आहे. ऐब सांगावा लागणार नाही आणि तुमचे नाव धुतले जाईल, असे काही सापडले पाहिजे. कायद्यात नाही. पाहिले.

बद्रीनाथ


अंबड, दि. १२ मे २००३

गयासभाई,

सापडले. सापडायला इतका वेळ लागला, कारण ते माझ्या स्वभावाच्या बाहेर पडले होते.

परवा बाजाराच्या दिवशी अकरा वाजता मी पुंजारामच्या हॉटेलात गेलो. कोर्टाला सुट्टी असली तरी वकील मंडळी तेथे असतातच. १९९४ सालच्यांपैकी तिघे होते. गल्ल्यावर पुंजाराम स्वतः होता. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. उभा राहून म्हणालो, "मला दोन मिनिटे हवी आहेत."

पुंजाराम म्हणाला, "बसा की सायेब, पंखा तिकडं हाये."

"उभ्यानेच बोलायचे आहे." आणि मी कागद वाचला. त्यातील मजकूर असा: "मी, बद्रीनाथ, असे जाहीर करतो की १९९४ साली गयासोद्दीन यांच्यावर माझ्या यंत्रात परस्पर फेरबदल केल्याचा जो आरोप मी या ठिकाणी केला, तो निराधार होता. सदर फेरबदल १९८६ साली माझ्या स्वतःच्या सांगण्यावरून करण्यात आला होता. ही गोष्ट माझ्या विस्मरणात गेली. गयासोद्दीन यांनी माझा मान राखण्यासाठी ती बोलून दाखवली नाही. त्यांचे जे नुकसान झाले ते माझ्यामुळे झाले. मी त्यांची क्षमा मागतो."

मग पुंजाराम म्हणाला, "म्हंजी नोटीस धाडनारे बी तुम्हीच आन् आरोपी बी तुम्हीच?"

"होय."

"आन् याद यायला साडेआठ वर्षं?"

"होय."

ज्येष्ठ वकील चष्मा वर करून म्हणाले, "अधीक्षकसाहेब, कोणतं कलम लावायचं?" पलीकडून कोणीतरी म्हणाले, "म्हातारपन लावा!" आणि सगळे हसले. मी पस्तीस वर्षे ज्या रस्त्याने जाताना लोक बोलणे थांबवत, त्या रस्त्यावर मला प्रथमच हसले. हसणे माझ्या अपेक्षेपेक्षा हलके होते. त्यात भिवा नावाचा एक म्हातारा शेतकरी होता, त्याला मी तोवर ओळखतही नव्हतो. तो उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "माझा रेडिओ व्हता त्याच्याकडं. तुमच्या बोलन्यावरून काढून नेल्ता मी. पुन्हा कधी वाजलाच न्हाई बराबर. कुठं असतो आता गयासभाई?" मी तुमचा पत्ता त्याच्या पंचांगाच्या मागे लिहून दिला.

पुंजारामने कागद मागून घेतला आणि चहा-भज्यांच्या दराच्या पाटीशेजारी खळीने चिकटवला. मी म्हणालो, एवढ्याची गरज नाही. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायेब. तुमचं ते वाक्य बी हितंच आठ वर्षं चिकटून व्हतं."

घरी आलो तर गोजरबाईंना बातमी आधीच पोचली होती. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले आणि विचारले, "सायेब, सकाळची गोळी घेतली का? का ती बी इसरले?" बहुधा आता मी काहीही विसरतो, असे समजून त्या चालतील. चालू द्या.

गयासभाई, तुम्ही या. जयची कड तुम्हीच लावावी एवढाच हट्ट आता नाही. ती गेल्यावर तिच्याविषयी ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस जिल्ह्यात एकच आहे, आणि त्याला मी आठ वर्षे घराबाहेर ठेवले.

मात्र येण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. जे निवेदन मी वाचले व जे सध्या भज्यांच्या दराशेजारी आहे, ते पूर्णपणे खोटे आहे. माझ्या हयातीतील ते पहिले खोटे निवेदन. आयुष्यभर लोकांची शपथपत्रे तपासली. त्यातली खोटी ओळखू येत, कारण खोटे लिहिणारा माणूस स्वतःला चांगले दाखवतो. यात मी तसे केलेले नाही, म्हणून ते टिकेल असे वाटते. तरी ते एकट्याच्या बळावर उभे राहणार नाही. त्याला साक्षीदार लागेल, आणि साक्षीदार तुम्हीच आहात.

बसमधून उतरलात की स्टँडवर कोणीतरी विचारेल. पुंजाराम तर नक्कीच विचारेल. तुम्ही खोटे बोलत नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त गप्प बसता. या वेळी गप्प बसू नका. "हा, सायेबांनीच सांगितलं व्हतं," एवढे एकच वाक्य, एकदाच म्हणा. कौसल्येसाठी म्हणा. पुढचे कोणी काही विचारू लागले, तर मी तुमच्या डाव्या हातास उभा असेन.

तुमचा,
बद्रीनाथ